भाव करायचा, पण कुणाशी?

ताई, नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते. वय ४८, बँकेत नोकरी. विषय तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण आमच्या घरात त्यावरून वर्षभर कुरबुर चालू आहे. मला भाव करता येत नाही. लहानपणी आईबरोबर बाजारात गेले की ती मेथीच्या जुडीवरून असा काही वाद घालायची, की मी चार पावलं मागे जाऊन उभी राहायची, जणू मी तिची कुणी नव्हेच. तेव्हाच ठरवलं होतं, मोठेपणी आपण असं करायचं नाही. आणि केलंही नाही. सांगतील तो भाव देऊन मोकळी होते.

गेल्या वर्षी टूरबरोबर इस्तंबूलला गेलो. तिथल्या मोठ्या बाजारात मी रंगीत काचांचा एक लटकता दिवा घेतला. दुकानदाराने चहा पाजला, आस्थेने चौकशी केली, मला नाही म्हणवेना. रात्री हॉटेलवर कळलं की आमच्याच ग्रुपमधल्या एका बाईंनी तसाच दिवा निम्म्याहून कमी पैशांत आणलाय. नवऱ्याने तो विषय अजून सोडलेला नाही. दिवा खोक्यातच माळ्यावर पडून आहे.

मग मी हट्टाने भाव करायला शिकायचं ठरवलं. या मे महिन्यात लेकीकडे म्युनिकला गेले, तिथे एका मोठ्या दुकानात पर्स घेताना काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, थोडं कमी करा. लेकीचा चेहरा लाल झाला. ‘आई, प्लीज!’ म्हणाली आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली.

डिसेंबरात मैत्रिणींबरोबर बँकॉकला जायचंय. भाव करणं हलकेपणाचं आहे का? आणि करायचाच, तर कुठे आणि कसा?

— एक वाचक, डोंबिवली

नमस्कार.

पत्र वाचताना मी त्या चार पावलांपाशी थांबले. तुम्ही आईपासून जितक्या मागे सरकलात, तितकीच तुमची लेक तुमच्यापासून सरकली. ज्या गोष्टीची लाज दोन पिढ्यांना वाटते, ती क्षुल्लक कशी असेल? म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

माझं लहानपण गादीवर गेलं. तालुक्याच्या गावी वडिलांचं कापडाचं दुकान होतं. प्रत्येक साडीच्या घडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे. चिठ्ठीवर वरच्या ओळीत तीन-चार अक्षरं आणि खाली आकडा. आकडा गिऱ्हाइकाला सांगायचा, अक्षरं आमची. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द घरात ठरलेला होता. त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, असं करत शेवटचं म्हणजे शून्य. त्या अक्षरांत खरेदीची किंमत लिहिलेली असे. गिऱ्हाइकासमोर एक शब्दही न बोलता वडिलांना, दुकानातल्या माणसाला आणि मलाही कळायचं की या साडीवर कुठवर उतरायचं. व्यापाऱ्यांत ही पद्धत सर्रास होती, ज्याचा त्याचा शब्द वेगळा. आमचा शब्द मी अजूनही कुणाला सांगितलेला नाही.

बायका तासतास बसायच्या. वीस साड्या उलगडून व्हायच्या. मग एखादीवर हात फिरवत विचारायच्या, ‘घेण्याचा भाव सांगा.’ वडील थोडं उतरायचे, त्या थोडं चढायच्या. एका टप्प्यावर वडील बोलणं थांबवून साडीची घडी घालायला लागायचे. रागाने नाही, अगदी शांतपणे, काठाला काठ जुळवून. ‘नाही परवडत हो वहिनी.’ घडी घालायला लागले की समजायचं, अक्षरांच्या जवळ आलो. त्याच्याखाली ते कधी गेले नाहीत. बाई उठून पायरी उतरली तरी गेले नाहीत.

घासाघीस करताना तुम्हाला जो संकोच वाटतो तो असा, की आपण समोरच्याच्या तोंडचा घास काढतोय. पण ज्या विक्रेत्याला तळ आहे, म्हणजे ज्याच्याखाली तो उतरणारच नाही असा भाव, त्याच्या तोंडचा घास तुम्ही काढूच शकत नाही. त्याला त्याचा तळ माहीत असतो, तुम्हाला नसतो. तो हो म्हणाला म्हणजे त्याला परवडलं. साडीला उद्या गिऱ्हाईक मिळेल, परवाही मिळेल, साडी काही सुकत नाही. अशा माणसाशी मनमोकळा भाव करा. त्यात हलकेपणा अजिबात नाही. त्याने सांगायच्या आकड्यात तुमच्या मागण्याची जागा आधीच धरलेली असते.

आता दुसरी बाजू, आणि मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल.

पालेभाजी घाऊक बाजारात शेकड्याच्या भावाने निघते, म्हणजे शंभर जुड्यांना इतके रुपये. भाजीवाली पहाटे तो माल उचलते, टेम्पोत दुसऱ्या चौघींबरोबर भाडं वाटून घेते, रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसते आणि दिवसभर त्यावर पाणी शिंपडत राहते. सकाळी आठला तिला तळ आहे. संध्याकाळी साडेसातला तो उरत नाही. मेथी मान टाकायला लागलेली असते, घरी नेऊन उद्या विकता येणार नाही, आणि परतीची लोकल किंवा घरची पोरं तिची वाट बघत असतात. त्या वेळी तुम्ही खरेदीच्याही खालचा भाव सांगितला तरी ती देईल. ती हो म्हणाली म्हणजे तिला परवडलं, हा हिशेब इथे लागू होत नाही. अडल्या माणसाचा होकार हा होकार नसतो. तिथे आपला हात आपणच आखडायचा. ती सांगेल तो भाव द्यावा. फार तर ती आपणहून म्हणाली, ‘घ्या ताई दोन जुड्या, वीसला देते,’ तर घ्यावं आणि घरी जाऊन दोन्ही जुड्या निवडाव्यात.

म्हणजे तुमची आई चुकत होती का? मला तसं वाटत नाही. एका पगारात महिना काढणारी बाई आठवड्यातून दोनदा त्याच भाजीवालीकडे जाते, दोघी एकमेकींना ओळखतात, त्या वादात अर्धी विचारपूस असते. लहान मुलीला त्यातला फक्त चढा आवाज ऐकू येतो. आणि मी पैजेवर सांगते, भाव ठरल्यावर तुमच्या आईने कधी रिकामी पिशवी उचलली नसेल. ‘वर’ काहीतरी घेतलं असेल. दोन मिरच्या, कढीपत्त्याची काडी, कोथिंबिरीच्या चार काड्या. कोळणीकडेही हेच. पापलेटच्या जोडीचा भाव तिने खाली आणला नाही तरी वर चार बोंबील टाकते. मला स्वतःला पैसे तोडण्यापेक्षा वर मागणं जास्त आवडतं. विकणारीचा आकडा राहतो, तिचा मान राहतो, आणि तिच्याकडे जे जास्त आहे ते ती देते.

एक वाक्य हल्ली फार फिरतं: मॉलमध्ये निमूट पैसे भरता आणि गरिबाशी पाच रुपयांसाठी भांडता. ते अर्धंच खरं आहे. मी म्हणते, मॉलमध्ये तरी निमूट का भरता? पाकिटावर छापलेली एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत, सगळे कर धरून. ‘कमाल’ याचा अर्थ त्याहून जास्त घेणं हा गुन्हा आहे, कमी घेण्याला कुणाची आडकाठी नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, गादी, सोफा यांच्या दुकानात छापील किमतीवर कुणीही थांबत नाही. विचारावं मात्र असं: ‘बिलासकट भाव सांगा.’ बिलाशिवाय मिळालेली सूट वॉरंटीच्या वेळी महागात पडते. सोन्याचंही तसंच. त्या दिवसाचा दर सराफ बदलू शकत नाही, तिथे डोकं आपटू नका, पण घडणावळ ही त्याच्या हातातली गोष्ट आहे. ती प्रत्येक दुकानात वेगळी असते आणि मागितली की कमी होते. मंगल कार्यालय, केटरर, घराचं रंगकाम हीसुद्धा भाव करायची ठिकाणं. तुमच्या आईची सगळी हुशारी मेथीच्या जुडीवर खर्ची पडली कारण तिच्या हातात पैसा तेवढाच होता. तुमच्या हातात जास्त आहे. ती हुशारी तुम्ही सराफकट्ट्यावर न्या.

इस्तंबूलचं सांगते. तो झाकलेला बाजार तुर्कांनी १४५३ मध्ये शहर घेतलं त्यानंतर लगेच उभा राहायला लागला. आज साठाहून अधिक गल्ल्या आहेत आणि हजारोंनी दुकानं. तुर्की भाषेत घासाघिशीला ‘पझारलिक’ म्हणतात. त्यात आपलाच ‘बाजार’ आहे, फारसीतून तिकडे गेलेला आणि इकडे आलेला. तिथला दुकानदार माझ्या वडिलांच्या जातकुळीचा. त्याला तळ पक्का माहीत असतो. म्हणून तुम्ही त्याच्याशी भाव केला असता तर काही वावगं झालं नसतं, उलट त्याने ते गृहीतच धरलं होतं. तुमच्याकडून दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे चहा. कमरेत बारीक असलेल्या पेल्यातला तो चहा हे आतिथ्य आहे, तो उधारीचा नाही. पिऊन, आभार मानून, काही न घेता उठलात तरी तो वाईट मानत नाही. दुसरी, आणि पैसे गेले ते खरं हिच्यामुळे: तुम्ही एकाच दुकानात भाव विचारला. तसेच दिवे त्या गल्लीत दहा दुकानांत टांगलेले असतात. तीन ठिकाणी नुसतं विचारून बाहेर पडलात की तळाचा अंदाज आपोआप येतो, आणि चौथ्या ठिकाणी तुम्ही अंधारात राहत नाही.

‘सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा’ असा सल्ला प्रवासाला निघताना सगळे देतात. मी देणार नाही. हा नियम दुकानदारांनाही पाठ आहे, त्यामुळे ते आकडा दुप्पट करूनच सांगतात, आणि एखादा सरळ भाव सांगणारा असेल तर त्याचा अपमान होतो. त्यापेक्षा दुकानात शिरण्याआधी स्वतःला विचारा, हा दिवा माझ्या घरात टांगायला मी किती देईन? तो आकडा रुपयांत ठरवा, मग तिथल्या पैशांत करा. युरोत किंवा डॉलरमध्ये सांगितलेली किंमत फार लहान दिसते, त्यात माणूस फसतो.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. तुम्ही आकडा बोललात आणि समोरच्याने ‘दिलं’ म्हटलं, की वस्तू घ्यायची. मग ‘बघून येते’ नाही, ‘नवऱ्याला विचारते’ नाही. इस्तंबूलला हे जितकं खरं, तितकंच तुळशीबागेत. आमच्या दुकानात क्वचित एखादी बाई दोन तास बसून, तिच्याच भावाला वडील कबूल झाल्यावर, पदर सावरून निघून जायची. त्या रात्री वडील जेवताना बोलायचे नाहीत. पैसे बुडाल्याचं दुःख नव्हतं, बुडाले नव्हतेच. शब्द घेऊन टाकून दिला, याचं होतं. म्हणून ज्याची खरेदी करायची नाही त्याचा भाव पाडू नका, नुसता विचारा.

म्युनिकला तुम्ही चुकलात ते मागण्यात नाही, जागेत. काउंटरवरच्या मुलीच्या हातात किंमत नव्हतीच, ती पगारावर होती. तिला ना तळ माहीत, ना उतरायचा अधिकार. अशा माणसाकडे मागितलं की तो फक्त अवघडतो. शिवाय जर्मनीत याला इतिहास आहे. १९३३ पासून तिथे सूट देण्यावर कायद्याने बंधन होतं, रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला तीन टक्क्यांहून जास्त सूट देता येत नसे, आणि तो कायदा रद्द झाला २००१ मध्ये. दोन पिढ्या दुकानात न मागण्याच्या सवयीत वाढल्या. आता फर्निचर, स्वयंपाकघराची मांडणी, जुनी गाडी यांवर तिथेही लोक बोलतात. आणि लेकीला सांगा, तुला एका शनिवारी फ्लोमार्क्टला नेते, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात. तिथे घरचे लोक स्वतःच्या कपबशा, सायकली मांडून बसतात आणि हसतहसत भाव करतात. तिथे ती चार पावलं मागे जाणार नाही.

एकच भाव ही काही युरोपची सभ्यता आणि घासाघीस हा आपला अडाणीपणा, असंही मनात आणू नका. जपानमध्ये सतराव्या शतकात, आजच्या टोकियोत, मित्सुई ताकातोशी नावाच्या माणसाने १६७३ साली कापडाचं दुकान काढलं. तोवर कापडवाले माल घेऊन बड्या घरी जायचे, उधारीवर द्यायचे आणि गिऱ्हाईक बघून भाव सांगायचे. त्याने रोख पैसे आणि चिठ्ठीवरचा एकच भाव ही पद्धत रूढ केली, आणि साधी माणसंही त्याच्या दुकानात येऊ लागली. लिहिलेल्या भावाचा हा मोठा गुण आहे: ज्याला बोलता येत नाही, ज्याची कुणी ओळख नाही, त्यालाही तोच भाव मिळतो. आपल्याकडे बाजार समित्यांत हत्ता पद्धत होती, व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे आणि माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत राहायचा. ती बंद व्हायला हवीच होती. त्यामुळे जिथे सगळ्यांना एकच भाव लिहिलेला आहे, तिथे तो वाचून पैसे द्यावेत आणि ते चांगलं आहे असं मानावं.

आता बँकॉक. चतुचकचा बाजार शनिवार-रविवारी भरतो, तुमचे दिवस तसे बसवा आणि सकाळी लवकर जा, दुपारी त्या गल्ल्यांत उभं राहवत नाही. कपडे, पिशव्या, चिनी मातीची भांडी यांवर भाव होतो, पण हळू आवाजात. थाई माणसासमोर आवाज चढवलात की बोलणं संपलंच. ‘थाओ राय’ म्हणजे केवढ्याला. ‘लोट दाय माय, खा’ म्हणजे कमी होईल का हो. शेवटचा ‘खा’ हा बाईच्या तोंडचा आदराचा शब्द, तो गाळू नका. विकणारी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवेल, तुम्ही तुमचा दाखवा. चार मैत्रिणी एकाच ठिकाणाहून चार पिशव्या घेत असाल तर ते आधीच सांगा, तिथे खरी सूट संख्येवर मिळते. रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांवर भाव करू नका, ती मघाची मेथीवाली आहे. टॅक्सीत मीटर टाकायला लावा. टुकटुकचं भाडं बसण्याआधी ठरवा. आणि अगदी नाममात्र पैशांत अख्खं शहर दाखवतो म्हणणारा भेटला तर बसूच नका, तो तुम्हाला रत्नांच्या आणि शिंप्यांच्या दुकानांत फिरवेल. तिथे त्याचं कमिशन ठरलेलं असतं.

सकाळी पहिली विक्री झाली की ती बाई तुमच्या हातची नोट घेऊन मांडलेल्या मालावरून फिरवताना दिसेल, एकेका वस्तूला टेकवत. बघून ओळखाल. आपल्याकडे भवानी झाली की भाजीवाली नोट कपाळाला लावते, तागडीला टेकवते, तेच. भवानीला विकणारा भाव जरा सैल सोडतो, इथेही आणि तिथेही. पण मग घ्यायचंच या तयारीने जा. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने भाव करून रिकाम्या हाताने जाऊ नये.

राहता राहिला दिवा. यजमानांना सांगा की त्या बाईंनीही तळ गाठला असेलच असं नाही, कुणीतरी तिसऱ्याने आणखी कमीत नेला असेल. तुम्ही जास्त पैसे दिलेत, हे खरं आहे आणि ते होऊन गेलं. पण दुकानात त्या काचांतून पडलेला उजेड बघून तुम्हाला तो घरी न्यावासा वाटला होता, तेही खरंच आहे. या रविवारी तो माळ्यावरून काढा. होल्डर आधी बघून घ्या, तिकडच्या दिव्यांना बहुधा आपला पिनांचा बल्ब बसत नाही, आट्यांचा लागतो. पिवळ्या उजेडाचा, कमी वॅटचा आणा, पांढऱ्या उजेडात त्या काचांचे रंग मरतात. आणि संध्याकाळी आईला घरी बोलवा. दिवा केवढ्याला घेतला हे ती विचारणारच, तेव्हा खरा आकडा सांगा, आणि मेथीच्या वेळी ती भाजीवालीशी नेमकं काय बोलायची ते तिच्याकडून ऐकून घ्या.